संसदेतील विधेयकाचा माग कसा ठेवावा: पुरःस्थापनेपासून कलम लागू होईपर्यंत

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रातील अनेक पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघात करून पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) हे त्या रोषाचे कारण होते. चालकांची धास्ती खरी होती. मात्र त्या दिवशी हे कलम लागू झालेले नव्हते, संहिताही लागू झालेली नव्हती, आणि पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हाही नेमके हेच उपकलम अधिसूचनेतून वगळलेले होते.

विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केले, एका सभागृहाने संमत केले, दोन्ही सभागृहांनी संमत केले, त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि ते लागू झाले, या पाच स्वतंत्र घटना आहेत. बातमीत या पाचही घटनांसाठी ‘कायदा मंजूर’ असेच शब्द येतात, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. एखाद्या विधेयकाशी आपल्या नोकरीचा, व्यवसायाचा, शेतीचा किंवा संस्थेचा संबंध असेल, तर ते आज नेमके कोठे उभे आहे आणि आपल्याला म्हणणे मांडायला कोठे वाव आहे हे स्वतः तपासता यावे, यासाठी हा लेख आहे.

तयारी: आधी काय नोंदवून ठेवावे

विधेयकाचे पूर्ण नाव, वर्ष, विधेयक क्रमांक, संबंधित मंत्रालय आणि ते प्रथम कोणत्या सभागृहात मांडले गेले, एवढी माहिती एका कागदावर लिहून घ्यावी. लोकांच्या तोंडी असलेल्या नावावर विसंबू नये, कारण ‘महिला आरक्षण विधेयक’ किंवा ‘हिट अँड रन कायदा’ या नावाने अधिकृत नोंद सापडत नाही. मूळ कागद तीन ठिकाणी मिळतात. विधेयकाची स्थिती आणि पाठ ‘डिजिटल संसद’ या संसदेच्या संकेतस्थळावर, राजपत्र ‘ई-गॅझेट’वर आणि लागू असलेले केंद्रीय अधिनियम (म्हणजे विधेयकांतून झालेले कायदे) ‘इंडिया कोड’वर. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची टिपणे समजून घेण्यासाठी उत्तम असतात, पण अर्जात किंवा निवेदनात आधार द्यायचा तो मूळ कागदाचाच.

भारतीय राजपत्राची रचना एकदा लक्षात ठेवली की शोध सोपा होतो. भाग २ च्या खंड १ मध्ये अधिनियम आणि अध्यादेश छापले जातात, खंड २ मध्ये विधेयके, आणि खंड ३ मध्ये केंद्र सरकारचे नियम, आदेश व अधिसूचना. कायदा खंड १ मध्ये आला म्हणून शोध थांबवू नये. तो कधी लागू होतो हे सांगणारी अधिसूचना बहुतेक वेळा खंड ३ मध्ये असते.

टप्पा १: विधेयक कोणाचे आणि कोणत्या प्रकारचे, हे ठरवा

पहिला प्रश्न असा की विधेयक संसदेचे आहे की राज्य विधिमंडळाचे. विधिमंडळाचे विधेयक राज्यपालांकडे जाते आणि राज्यपालांनी राखून ठेवले तरच राष्ट्रपतींकडे पोहोचते. त्याची वाट वेगळी असल्यामुळे पुढील टप्पे त्याला जसेच्या तसे लावू नयेत.

दुसरा प्रश्न: ते सरकारी आहे की अशासकीय? मंत्री नसलेला कोणताही खासदार विधेयक मांडू शकतो आणि ते मांडले गेल्याची बातमी मोठी होते. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन व ईमेल टाळण्याचा हक्क देणारे विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडले, तेव्हा असा हक्क आता मिळालाच, अशी अनेकांची समजूत झाली. अशासकीय विधेयकामुळे विषय चर्चेत येतो आणि सरकारवर नैतिक दबावही येतो. परंतु १९७० नंतर एकाही अशासकीय विधेयकाचे कायद्यात रूपांतर झालेले नाही, हे ध्यानात ठेवूनच आपली पुढची पावले ठरवावीत.

तिसरा प्रश्न प्रकाराचा. साधे विधेयक उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या साध्या बहुमताने संमत होते. धन विधेयक राज्यघटनेच्या अनुच्छेद ११० मध्ये (कर, सरकारी खर्च, कर्ज अशा विषयांपुरते) बसावे लागते, राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच आणि केवळ लोकसभेतच मांडता येते, आणि ते धन विधेयक आहे की नाही याचा निर्णय लोकसभा अध्यक्ष देतात. घटनादुरुस्ती विधेयकाला अनुच्छेद ३६८ नुसार प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात. राज्यांच्या अधिकारांना हात घालणाऱ्या काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थनही (औपचारिक मान्यता) लागते. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीच्या वेळी महाराष्ट्र विधिमंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये ते दिले होते.

सावधान: घटनादुरुस्तीचा विधेयक क्रमांक आणि अधिनियम क्रमांक सहसा जुळत नाहीत, कारण मांडलेली सगळी विधेयके संमत होत नाहीत. वस्तू व सेवा कराचे १२२ वे घटनादुरुस्ती विधेयक १०१ वा अधिनियम झाले, आणि महिला आरक्षणाचे २०२३ चे १२८ वे विधेयक १०६ वा अधिनियम झाले. शोधताना दोन्ही क्रमांक जवळ ठेवावेत.

टप्पा २: मसुदा आणि मंत्रिमंडळाची मान्यता

संबंधित मंत्रालय प्रस्ताव तयार करते, इतर मंत्रालयांची मते घेते, विधी मंत्रालयाचा विधायी विभाग कायद्याच्या भाषेत मसुदा बांधतो आणि मग तो मंत्रिमंडळापुढे जातो. २०१४ च्या पूर्व-विधायी सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. मात्र ते शक्य नसल्यास मंत्रालय कारण नोंदवून हा टप्पा वगळू शकते आणि अनेकदा वगळतेही. म्हणून आपल्या विषयाच्या मंत्रालयाचे संकेतस्थळ नियमित पाहण्याची सवय ठेवावी. मसुद्याचे शब्द बदलणे या टप्प्यावर सर्वांत सोपे असते, कारण सरकारने अजून जाहीर भूमिका घेतलेली नसते.

तपासा: ‘मंत्रिमंडळाची मंजुरी’ अशी बातमी आली, तर त्या दिवशी संसदेत काहीही घडलेले नसते आणि बहुधा विधेयकाचा पाठही उपलब्ध नसतो. त्या दिवशी समाजमाध्यमांवर फिरणारी ‘विधेयकातील ठळक तरतुदी’ ही यादी खरी मानून कोणताही व्यवहार करू नये.

टप्पा ३: पुरःस्थापना आणि विधेयकाचा कागद वाचणे

मंत्री सभागृहाची परवानगी मागून विधेयक पुरःस्थापित करतात, म्हणजे सभागृहात मांडतात. विरोध करायचा असल्यास सदस्य याच वेळी, मुख्यतः सभागृहाला असा कायदा करण्याचा अधिकार आहे का या मुद्द्यावर, आक्षेप घेऊ शकतात. हे पहिले वाचन होय. याच दिवसापासून अधिकृत पाठ सर्वांना वाचता येतो, म्हणून अभ्यासाला खरा आरंभ येथे करावा.

विधेयक पहिल्या पानापासून ओळीने वाचण्याची चूक बहुतेक जण करतात आणि व्याख्यांमध्येच अडकून पडतात. माझ्या मते वाचनाचा क्रम असा असावा. आधी शेवटी जोडलेले ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ वाचावे. सरकारला काय करायचे आहे ते तेथे कळते. मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे सरकारी खर्चाविषयीचे टिपण, पाहावे. त्यानंतर वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचे ज्ञापन बारकाईने वाचावे, कारण कोणत्या गोष्टी संसद स्वतः न ठरवता नियमांद्वारे ठरवण्यासाठी सरकारवर सोपवते आहे, हे तेथे खंडवार दिलेले असते (विधेयकातील कलमांना ‘खंड’ म्हणतात; राजपत्राचे खंड वेगळे). शुल्क किती, अर्जाचा नमुना कोणता, मुदत किती, असे आपल्या जिव्हाळ्याचे प्रश्न बहुधा याच यादीत सापडतात. त्यानंतर विधेयकाचा खंड १ वाचावा, त्यातील लागू होण्याविषयीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि मगच उरलेल्या खंडांकडे वळावे.

दुरुस्ती विधेयक असेल तर ते एकटे वाचून काहीही कळत नाही. ‘मुख्य अधिनियमाच्या कलम १२ मध्ये अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत’ अशी त्याची भाषा असते. मूळ कायदा शेजारी उघडून, त्यात पेन्सिलीने बदल करून, तयार झालेले कलम सलग वाचावे. मूळ कायद्यातील संबंधित उतारे विधेयकाच्या शेवटी जोडलेले असतात.

टप्पा ४: समिती आणि आपले निवेदन

पुरःस्थापनेनंतर विधेयक थेट विचारार्थ घेता येते किंवा समितीकडे पाठवता येते. विभागसंबंधित २४ स्थायी समित्या आहेत; प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात आणि मंत्री त्यांचे सदस्य नसतात. एखाद्या विधेयकापुरती एका सभागृहाची प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समितीही नेमली जाते. प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच असे नाही. जे जाते, त्याच्या बाबतीत सामान्य नागरिकाचे लिखाण खासदारांच्या टेबलावर अधिकृतपणे पोहोचण्याची ही सर्वांत भक्कम जागा असते, म्हणून ती संधी वाया घालवू नये.

समिती वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निवेदने मागवते. मुदत अपुरी असते. वक्फ (दुरुस्ती) विधेयक, २०२४ वरील संयुक्त समितीने १५ दिवस दिले होते आणि निवेदनाच्या दोन प्रती इंग्रजी किंवा हिंदीत मागवल्या होत्या. मराठीत विचार मांडणाऱ्या संस्थांनी ही अट आधीच लक्षात घेऊन अनुवादाची सोय करून ठेवावी, कारण शेवटच्या दोन दिवसांत केलेला अनुवाद कायद्याच्या भाषेत टिकत नाही.

निवेदनाचा सर्वांत उपयोगी आराखडा चार रकान्यांचा असतो: खंड क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर आणि कारण. ‘हे विधेयक जाचक आहे, ते मागे घ्यावे’ एवढेच लिहिलेल्या पानातून समितीच्या सचिवालयाला अहवालात घेण्याजोगे काही मिळत नाही. उलट ‘खंड अमुकमधील तीस दिवसांऐवजी नव्वद दिवस करावेत, कारण सात-बारा उताऱ्यावरील फेरफाराची नोंद पूर्ण व्हायला तालुक्याच्या पातळीवर प्रत्यक्षात इतका वेळ लागतो’ असे लिहिले आणि सोबत दोन-तीन खऱ्या प्रकरणांची कागदपत्रे जोडली, तर त्या सूचनेवर मंत्रालयाला उत्तर द्यावे लागण्याची शक्यता बरीच वाढते. तोंडी साक्ष द्यायची इच्छा असल्यास तसे निवेदनात स्पष्ट लिहावे.

सावधान: समितीला दिलेले निवेदन समितीच्या अभिलेखाचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते. पाठवल्यानंतर तेच पत्र जसेच्या तसे समाजमाध्यमांवर टाकू नये.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, तरी त्यांचा परिणाम होतो. भारतीय न्याय संहितेचे पहिले विधेयक ११ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत आले आणि गृह विभागाच्या स्थायी समितीकडे गेले. अहवालानंतर सरकारने ते मागे घेतले आणि १२ डिसेंबरला ‘भारतीय न्याय (दुसरी) संहिता’ या नावाने नवे विधेयक मांडले. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवण्याबाबतचा खंड पहिल्या विधेयकात १०४ होता आणि त्याच्या पहिल्या भागात सात वर्षांपर्यंत कैद होती. दुसऱ्या विधेयकात तोच खंड १०६ झाला आणि कैद पाच वर्षांपर्यंत आली. २० डिसेंबरला लोकसभेत सरकारी दुरुस्तीने नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी दोन वर्षांपर्यंतची वेगळी तरतूद जोडली गेली. चार महिन्यांत एकाच विषयाचे तीन पाठ झाले, आणि ऑगस्टमधला पाठ डाउनलोड करून ठेवलेले कित्येक जण जानेवारीतही त्याचाच हवाला देत होते.

तपासा: आपल्या हातातला पाठ ‘पुरःस्थापित केल्याप्रमाणे’, ‘एका सभागृहाने संमत केल्याप्रमाणे’ की ‘दोन्ही सभागृहांनी संमत केल्याप्रमाणे’ यांपैकी कोणता आहे, ते पहिल्या पानावर पाहून फाइलच्या नावातच लिहून ठेवावे.

टप्पा ५: विचार, खंडवार मतदान आणि संमती

दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वांवर सर्वसाधारण चर्चा होते आणि मग प्रत्येक खंड व त्यावरील दुरुस्त्या मताला टाकल्या जातात. खंड १, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचे नाव शेवटी घेतात. खासदारामार्फत दुरुस्ती मांडायची असेल तर तिची सूचना चर्चेच्या आदल्या दिवसापर्यंत द्यावी लागते. म्हणून आपल्या मतदारसंघाच्या खासदारांकडे जायचे ते चर्चेची तारीख कामकाजाच्या यादीत येण्याची वाट न पाहता, आणि तयार शब्दरचना हातात घेऊनच. तिसऱ्या वाचनात ‘विधेयक संमत करावे’ या प्रस्तावावर मत घेतले जाते. त्यात आशयाचे बदल होत नाहीत.

मतदान बहुधा आवाजी असते. सदस्याने मागणी केल्यास मतविभाजन होते आणि तेव्हाच कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावनिशीवार नोंद राहते. आवाजी मतदानाने संमत झालेल्या विधेयकाबाबत ‘आपल्या खासदाराने विरोधात मत दिले’ असा दावा कोणी केला, तर त्याला मतदानाच्या नोंदीचा आधार नसतो. तेथे भाषण आणि मांडलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात.

टप्पा ६: दुसरे सभागृह

दुसऱ्या सभागृहात हीच तीन वाचने पुन्हा होतात. ते विधेयक संमत करू शकते, फेटाळू शकते, दुरुस्त करून परत पाठवू शकते किंवा काहीच न करता ठेवू शकते. दुरुस्ती झाली तर पहिल्या सभागृहाची मान्यता पुन्हा घ्यावी लागते. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती राज्यसभेने ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुरुस्त्यांसह संमत केली आणि लोकसभेने त्या दुरुस्त्या ८ ऑगस्टला स्वीकारल्या, तेव्हाच संसदेतील काम पूर्ण झाले.

साध्या विधेयकावर दोन सभागृहांत तिढा पडला किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. १९६१, १९७८ आणि २००२ अशा तीनच वेळा तशी बैठक झाली आहे. घटनादुरुस्ती विधेयकाला ही वाट उपलब्ध नाही. धन विधेयक राज्यसभेने १४ दिवसांत परत करायचे असते आणि तिच्या शिफारशी स्वीकारणे लोकसभेवर बंधनकारक नसते.

सावधान: अधिवेशन संपल्याने विधेयक व्यपगत होत नाही, म्हणजे आपोआप संपत नाही, पण लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने संमत करून राज्यसभेत पडून असलेले विधेयक व्यपगत होते. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेपर्यंत न पोहोचलेले विधेयक मात्र जिवंत राहते. महिला आरक्षणाचे आधीचे विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० रोजी संमत केले होते. लोकसभेत ते तसेच राहिले आणि २०१४ मध्ये लोकसभेसोबत व्यपगत झाले.

टप्पा ७: राष्ट्रपतींची अनुमती

अनुच्छेद १११ नुसार राष्ट्रपती अनुमती देतात, रोखून ठेवतात किंवा फेरविचारासाठी परत पाठवतात. परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा संमत केले की अनुमती द्यावीच लागते, जसे २००६ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी परत पाठवलेल्या लाभाच्या पदाविषयीच्या विधेयकाबाबत घडले. धन विधेयक परत पाठवता येत नाही आणि घटनादुरुस्तीला अनुमती देणे बंधनकारक आहे. साध्या विधेयकासाठी मात्र ठरावीक मुदत नाही. १९८६ चे भारतीय टपाल कार्यालय (दुरुस्ती) विधेयक अनुमतीविना पडून राहिले आणि कधीच कायदा झाले नाही.

टप्पा ८: राजपत्र आणि लागू होण्याची तारीख

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका या टप्प्यावर होतात. अनुमतीनंतर अधिनियमाला क्रमांक मिळतो. भारतीय न्याय संहिता २०२३ चा अधिनियम क्रमांक ४५ आहे. आता टप्पा ३ मध्ये उतरवून ठेवलेले खंड १ चे वाक्य काढावे. त्यात तीनपैकी एक शक्यता असते. तारीख दिलेली असेल तर प्रश्न मिटला. काहीच लिहिलेले नसेल तर सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ५ नुसार अनुमतीच्या दिवसापासून कायदा लागू होतो. ‘केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील त्या तारखेस’ असे असेल, तर ती अधिसूचना सापडेपर्यंत कायदा लागू झाला असे समजू नये. ‘वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा’ हे शब्द सोबत असतील, तर प्रत्येक कलमाची तारीख स्वतंत्रपणे तपासावी. कलम १०६(२) याच शब्दांच्या आधारे मागे ठेवता आले.

वेतन संहितेला ८ ऑगस्ट २०१९ रोजी आणि अन्य तीन कामगार संहितांना २८ सप्टेंबर २०२० रोजी अनुमती मिळाली, पण त्यांच्या प्रमुख तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मधल्या काळात ‘पुढच्या महिन्यापासून हातात येणारा पगार बदलणार’ असे संदेश वारंवार फिरले. ज्यांनी अधिसूचना शोधली, त्यांना ती नाही हे पाच मिनिटांत कळत होते.

कायदा रद्द होण्यालाही हाच नियम लागू पडतो. तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी केली. परंतु कायदे रद्द झाले ते २९ नोव्हेंबरला संसदेने निरसन विधेयक संमत केल्यावर आणि ३० नोव्हेंबरला त्यास अनुमती मिळाल्यावर. अध्यादेशाच्या बाबतीत संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांची मोजणी ठेवावी, कारण तोवर त्याची जागा घेणारा कायदा झाला नाही तर तो संपुष्टात येतो.

टप्पा ९: नियम

अधिनियम लागू झाला तरी नियम नसतील तर अर्ज कोठे आणि कोणत्या नमुन्यात करायचा, हेच ठरलेले नसते. नागरिकत्व (दुरुस्ती) अधिनियमाला १२ डिसेंबर २०१९ रोजी अनुमती मिळाली, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, पण नियम ११ मार्च २०२४ रोजी आले, आणि तोवर त्याखाली कोणालाही अर्ज करता आला नाही.

नियमांचा मसुदा अनेकदा हरकती व सूचनांसाठी आधी प्रसिद्ध होतो. विधेयकाच्या वेळी ज्यांची संधी हुकली त्यांनी या मसुद्यावर लक्ष ठेवावे. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियमाला अनुमती मिळाली ११ ऑगस्ट २०२३ रोजी. नियमांचा मसुदा आला ३ जानेवारी २०२५ रोजी, आणि अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील काही तरतुदी तत्काळ, काही एका वर्षाने आणि बऱ्याचशा अठरा महिन्यांनी लागू होण्याची रचना केलेली आहे, म्हणून संस्थेच्या दिनदर्शिकेत तिन्ही तारखा वेगवेगळ्या नोंदवाव्यात. नियम प्रसिद्ध झाल्यानंतर ते संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवले जातात आणि अधिनियमात दिलेल्या मुदतीत, जी साधारणपणे ३० दिवसांची असते, सभागृहे त्यांत बदल करू शकतात किंवा ते रद्द करू शकतात. एखादा नियम मूळ अधिनियमाने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जातो असे दिसले, तर त्या नियमाचा आणि ज्या कलमाखाली तो केला आहे त्या कलमाचा क्रमांक देऊन आपल्या खासदारांना याच मुदतीत लिहावे.